दुधाचे दात हिरडीतच अडकलेत? या चुका टाळा

वर्ष उलटलं तरी बाळाला दात नाही, म्हटलं की घरात कॅल्शियमचं सिरप येतं. सर्वांत जास्त होणारी चूक हीच. जनुकीय आजार असलेल्या मुलांचे दात रखडतात ते सहसा कॅल्शियम कमी पडल्यामुळे नाही. खरं कारण कळण्याआधी केलेला उपाय कधी वाया जातो, कधी अंगाशी येतो.

डाउन सिंड्रोम आधी घेऊ, कारण तो या आजारांत बराच जास्त आढळतो. एरवी पहिला दात ६ ते १० महिन्यांत दिसतो. या मुलांत तो १२-१४ महिन्यांनी, कधी दोन वर्षांनीही येतो. दुधाचे २० दात पुरे व्हायला चार-पाच वर्षं लागू शकतात, आणि पटाशीच्या दातांआधी दाढ आली तरी घाबरायचं नाही. पण ‘डाउन आहे, उशीर होणारच’ असं म्हणून थायरॉइडची तपासणी टाळू नका. या मुलांत थायरॉइड कमी असणं बऱ्याचदा सापडतं, आणि त्यानेही दात लांबतात. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी दरवर्षी करायचीच असते.

दुसरी चूक म्हणजे दिसत नाही तो दात नाहीच, असं धरून चालणं. एक्टोडर्मल डिसप्लेसियात, म्हणजे त्वचा, केस, दात यांची वाढ बिघडवणाऱ्या जनुकीय आजारात, अनेक दात मुळात तयारच होत नाहीत. गॅपो सिंड्रोम या अतिदुर्मीळ आजारात दात तयार असतात, पण दुधाचे आणि कायमचे दोन्ही आतच राहतात. वरून दोन्ही मुलांचं बोळकं सारखंच दिसतं. फरक एक्स-रे सांगतो. ओपीजीसाठी, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेसाठी, मुलाला काही सेकंद स्थिर राहावं लागतं, म्हणून अगदी लहानांचं छोट्या फिल्मवर भागवतात. किरणांच्या धास्तीने एक्स-रे पुढे ढकलत राहू नका.

‘हिरडी जाड आहे, चीर दिली की दात बाहेर येईल’ हा सल्ला मला सगळ्यांत धोक्याचा वाटतो. दात वर यायचा तर त्याच्यावरचं जबड्याचं हाड आधी झिजून वाट मोकळी व्हावी लागते. ऑस्टिओपेट्रोसिस या हाडं अति दाट करणाऱ्या आजारात हाड झिजवणाऱ्या पेशीच नीट काम करत नाहीत. अडथळा हाडाचा असताना हिरडी कापून काय होणार? शिवाय अशा हाडाला रक्तपुरवठा कमी असतो. घाईने दात काढला तर जखम भरत नाही आणि जबड्याच्या, विशेषतः खालच्या जबड्याच्या, हाडात जंतुसंसर्ग होऊन तो चिघळत राहतो. तान्ह्या वयातल्या तीव्र प्रकारात नजरही जाऊ शकते. दात नाहीत, मूल फिकट आहे, सारखं आजारी पडतं, असं असेल तर दंतवैद्याआधी बालरोगतज्ज्ञ गाठा. त्यातल्या बऱ्याच मुलांना बोन मॅरो प्रत्यारोपणाचा उपयोग होतो, पण ते लवकर झालं तर.

क्लायडोक्रेनियल डिसप्लेसियात, म्हणजे कवटी, कॉलरबोन आणि दातांची वाढ बिघडवणाऱ्या आजारात, गाडं उलट अडतं. दुधाचे दात येतात, पण पडत नाहीत. खाली कायमचे दात आणि जोडीला जास्तीचे दात दाटीवाटीने अडकलेले असतात. दुधाचे उपटले की खालचे येतील, या आशेने सगळे काढून टाकू नका; नुसतं तेवढ्याने ते येत नाहीत आणि मुलाचं चावणं मात्र जातं. डोक्यावरची टाळू खूप उशिरा भरली असेल किंवा कॉलरबोन हाताला लागत नसेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

हिरडीवर निळसर फुगवटा दिसला तर सुईने फोडू नका, तो बहुधा आपोआप फुटतो. बेंझोकेन असलेली बधिर करणारी जेल दोन वर्षांखालच्या मुलाला लावू नका. त्याने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटू शकते.

दंतवैद्याकडे जाताना हृदयाची फाइल न्या. डाउन सिंड्रोमच्या साधारण निम्म्या मुलांत जन्मजात हृदयदोष असतो, आणि काही दोषांत दात काढण्याआधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. म्युकोपॉलिसॅकरायडोसिस (शरीरात विशिष्ट साखरेचे रेणू साठत जाणारा जनुकीय आजार) असेल तर भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जातं. अशा मुलाचं काम भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच करून घ्या.