आभाळी दिवस आणि काढणीला आलेला उन्हाळ कांदा

मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत नाशिक, अहिल्यानगर, धुळ्याच्या पट्ट्यात असे दिवस येतातच. पहाटे गारवा, पातीवर दव. नऊनंतर चटका देणारे ऊन. दुपारी अंगाला चिकटणारा उकाडा, वारा पडलेला, आणि चारच्या सुमारास डोंगराच्या अंगाने काळे ढग. समुद्रावरून आलेले दमट वारे आणि उत्तरेकडचे कोरडे वारे आपल्या डोक्यावर भेटतात, त्यात दुपारपर्यंत जमीन तापलेली असते. म्हणून वळीव बहुतेक वेळा तिसऱ्या प्रहरानंतरच कोसळतो. 2014 च्या फेब्रुवारीअखेर सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत चालली होती, ती कोणी विसरलेले नाही. पण दरवर्षी कांदा जास्त नासतो तो अशा साध्या, अर्ध्या तासाच्या पावसाने, कारण तो आपल्याला तयारीविना गाठतो.

हवामान खात्याचा पावसाचा इशारा असलेल्या दिवशी कामाचे तास सकाळचेच धरा. मजुरांच्या टोळीला उजाडताच बोलवा आणि दुपारी दोनपर्यंत उपटलेला, कापलेला सगळा माल झाकता येईल एवढेच काम हाती घ्या. मेघदूत ॲपवर जिल्ह्याचा अंदाज आणि पीकसल्ला मिळतो, तो आदल्या रात्रीच पाहून ठेवा.

आता मुख्य मुद्दा. आभाळ आले की घाबरून हिरव्या पातीचा कांदा उपटू नका. ही चूक मी स्वतः केली आहे. त्या वर्षी पाऊस चार थेंब पडून गेला आणि जाड मानेचा (मान म्हणजे कांदा आणि पात यांच्यामधला भाग) कांदा मात्र साठवणीच्या चाळीत महिनाभरही टिकला नाही. मातीत उभा असलेला कांदा एका सरीचा मार सोसतो, फक्त वाफ्यात पाणी साचता कामा नये. सकाळीच वाफ्यांची खालची तोंडे फोडून पाणी बांधाबाहेर जाईल अशी वाट करून ठेवा. निम्म्याहून जास्त माना पडल्या, म्हणजे पात मानेशी वाकून आडवी झाली असेल आणि पुढचे दोन-तीन दिवस कोरडे दिसत असतील, तरच काढणी सुरू करा. पाऊस होऊन गेला तर पुन्हा वाफसा येईपर्यंत, म्हणजे जादा ओल जाऊन माती मोकळी होईपर्यंत, कुदळ लावू नका. चिखलात काढलेल्या कांद्याला माती चिकटते आणि सालपटाचा रंग जातो.

सर्वांत जास्त धोका उपटून शेतात पसरलेल्या कांद्याला. एका ओळीचा कांदा पुढच्या ओळीच्या पातीने झाकायची आपली पद्धत उन्हासाठी उत्तम आहे, पावसापुढे तिचा उपयोग नाही. असा कांदा दुपारच्या आत उंचवट्यावर गोळा करा. ढीग उंच रचू नका, गुडघ्याएवढा आणि लांबट ठेवा. ओल्या पातीचा उंच ढीग आतून तापतो. भोवती वीतभर खोल चारी काढा. ताडपत्री वाऱ्याच्या बाजूने मातीत दाबा, वर वाळूची अर्धी भरलेली पोती ठेवा. पावसाआधी जे वावधान सुटते, त्यात नुसत्या दगडांनी दाबलेली ताडपत्री शेजारच्या वावरात जाते. ढिगाची दोन्ही टोके टीचभर उघडी राहू द्या.

आणि ताडपत्री घालण्याइतकेच ती वेळेवर काढणे महत्त्वाचे आहे. बदलत्या दिवसात तासभर आभाळ, तासभर कडक ऊन असते. उन्हात झाकलेल्या ढिगाला आत घाम फुटतो आणि पाऊस न पडताही कांदा ओला होतो. आभाळ फाटले की लगेच उघडा, पुन्हा दाटले की झाका. त्यासाठी घरातले एक माणूस खळ्यावरच राहिले पाहिजे.

त्या माणसाचा जीव मात्र कांद्यापेक्षा मोठा आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे; हातातले काम टाकून पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली, विजेच्या खांबाजवळ, तारेच्या कुंपणालगत थांबू नका, जनावरेही तिथे बांधू नका. जवळ घर नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसा, जमिनीवर आडवे पडू नका. दामिनी ॲप आसपासच्या विजेची सूचना देते.

फवारणी अशा दिवशी नको. औषध धुऊन जाते, पैसा मातीत. अजून महिनाभर शेतात राहणाऱ्या हिरव्या पिकात पावसानंतर जांभळा करपा हा पातीचा बुरशीजन्य रोग येऊ शकतो. दुसऱ्या दिवशी पात सुकल्यावर पाहणी करा आणि कृषी विज्ञान केंद्राला विचारूनच औषध ठरवा. काढणीजवळच्या द्राक्षबागेत नुसत्या ब्लोअरच्या वाऱ्याने घडातले पाणी झटकता येते. मणी तडकलेले घड वेगळे करा. गहू कापून पडला असेल तर पेंढ्या उभ्या रचून झाका. मळणी झालेला गहू दाताखाली कट्ट वाजेपर्यंत कोठीत भरू नका.

भिजलेला कांदा सावलीत पातळ पसरा, शक्यतो पंखा किंवा मोकळा वारा मिळेल तिथे. मान तीन-चार सेंटिमीटर ठेवून पात कापा, पण मान पूर्ण सुकल्यावरच. सालपट हातात वाजू लागेपर्यंत चाळ भरायची नाही. चाळीच्या पावसाकडच्या बाजूला बारदान सोडा आणि पाऊस थांबताच ते गुंडाळून घ्या.

गारांचा मार लागलेला कांदा वरून चांगला दिसतो, पण बोटाने दाबला की खड्डा मऊ लागतो. तो चाळीत अजिबात घालू नका, आठवडाभरात विकून टाका. नुकसान मोठे असेल तर आवरायच्या आधी शेताचे फोटो काढा, तलाठी आणि कृषी सहायकांना त्याच दिवशी कळवा. सरकारी मदतीसाठी 33 टक्के किंवा अधिक नुकसान पंचनाम्यात नोंदले जावे लागते, म्हणून पंचनामा होईपर्यंत खराब माल बांधावर फेकू नका, वावराच्या एका कडेला राहू द्या.