टेबल टेनिसच्या बॅटला रबर चिकटवताना ग्लू पूर्ण वाळू द्या
वॉटर-बेस्ड ग्लू ओला असताना पांढरा दिसतो, वाळला की पारदर्शक होतो. स्पंज (रबराखालचा मऊ थर) आणि लाकूड दोन्हींवर ग्लूचा पातळ हात फिरवा. स्पंज ग्लू पितो, म्हणून त्याला पहिला थर वाळल्यावर दुसरा द्या. पांढरा ठिपकाही उरला नाही, मगच जोडा. घाई केली तर आत ओल अडकते, फुगा येतो.

मुठीच्या बाजूने सुरुवात करून लाटण्याने हलकेच पुढे सरका. रबर ताणू नका, नंतर ते आक्रसून कडा उचलते. जादा भाग नव्या पात्याने कापा. बोथट पातं स्पंज कुरतडतं. जुनं रबर काढताना लाकडाच्या शिरांच्या दिशेनेच ओढा, नाहीतर पापुद्रे निघतात.