टेलिमार्क स्कीचे बूट घेताना या चुका टाळा

टेलिमार्क या स्की करण्याच्या पद्धतीत टाच मोकळी असते. वळताना एक पाय पुढे जातो, मागच्या पायाची टाच उचलली जाते, गुडघा खाली येतो आणि तरीही वजन दोन्ही स्कींवर ठेवावं लागतं. मागच्या पायाचं वजन स्कीपर्यंत पोचतं ते बुटाच्या चवड्यावरच्या चुण्यांमधून. त्यांना बेलोज म्हणतात. बाजाच्या पेटीच्या भात्यासारख्या दिसतात, म्हणून मी सरळ भाता म्हणतो.

टेलिमार्कचा जनक मानल्या जाणाऱ्या, नॉर्वेतल्या मोर्गेदालच्या सोंद्रे नोरहाइमच्या काळी, म्हणजे 19व्या शतकात, बूट चामड्याचे होते. पाय जिथे वाकेल तिथे चामड्याला आपोआप घडी पडायची. 1990 च्या दशकात प्लॅस्टिकचे बूट आले आणि घडीची जागा कारखान्यात ठरू लागली. ती तुमच्या पायाशी जुळते का, एवढंच खरं तर दुकानात बघायचं असतं. बाकीच्या गोष्टी नंतर.

एक नंबर मोठा घेणं

माझी पहिली चूक हीच. लहानपणापासून बूट वाढत्या अंगाचे घ्यायची सवय! पण बूट लांब झाला की भाता चवड्याच्या पुढे सरकतो आणि प्रत्येक वळणावर बोटांवरच दुमडतो. संध्याकाळी बोटं ठणकतात, माणसाला वाटतं बूट घट्ट होतोय, आणि पुढच्या वेळी तो आणखी मोठा बूट घेतो. मीही तेच केलं.

स्कीच्या बुटांचा नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. भिंतीला टाच टेकवून, उभं राहून मोजा. मग आतला लाइनर, म्हणजे मऊ अस्तराचा बूट, काढा, नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे जेमतेम टेकवा आणि टाचेमागची फट बघा. जोरात उतरणाऱ्याला दीड सेंटिमीटरच्या आसपास पुरते. दोनच्या वर गेली तर तो बूट तुमचा नाही. बऱ्याच कंपन्यांत 27 आणि 27.5 चं कवच एकच असतं, त्यामुळे अर्ध्या नंबरावर फार डोकं शिणवू नका. शेवटी लाइनरसकट बूट घालून मागचा गुडघा खाली न्या. घडी चवड्यावरच पडली पाहिजे.

सगळ्यात कडक तोच चांगला असं मानणं

टाच स्कीला बांधलेल्या आल्पाइन पद्धतीवरून आलेले लोक इथे हमखास फसतात. नडगीभोवतीचा भाग उंच आणि कडक हवा, हे खरं. रुंद स्की कडेवर उभी करायची तर बूट आडवा लवून चालत नाही. पण भाताही तितकाच कडक असला, तर मागचा पाय बोटांच्या टोकावर उभा राहतो, वजन पुढच्या स्कीवर जातं आणि मागची स्की भरकटते. हे होत असेल तर आधी बाइंडिंगच्या, म्हणजे बूट स्कीला जोडणाऱ्या पकडीच्या, स्प्रिंगचा ताण वाढवून बघा. नवा भाता थोडा वापरल्यावर सैलही होतो. वजनाने हलक्या माणसाने मात्र मऊ भात्याचाच बूट घ्यावा. आणि एक लक्षात असू द्या: थंडीत प्लॅस्टिक आणखी ताठरतं. दुकानाच्या उबेत सहज वाकलेला बूट डोंगरात तसा वाकत नाही.

बाइंडिंग विसरून बूट घेणं

चोचीसारखं टोक असलेला 75 मिमीचा बूट आणि रोटेफेला कंपनीने 2007 मध्ये आणलेल्या एनटीएन (न्यू टेलिमार्क नॉर्म) पद्धतीचा बूट, हे एकमेकांच्या बाइंडिंगमध्ये बसत नाहीत. डोंगर चढून जाणार असाल तर पुढच्या टोकाला टेक बाइंडिंगच्या (बुटाचं टोक दोन पिनांमध्ये धरणाऱ्या बाइंडिंगच्या) पिनांसाठी धातूची खोबण आहे का बघा; एनटीएन म्हटलं की ती असेलच असं नाही. 75 मिमीच्या चोचीवर क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फावर चालायचे धातूचे काटे, बसवतानाही त्रास होतो. ते घरी लावून बघा, बर्फाळ धारेवर नाही.

बकल चुकीचं आवळणं

टाच आत उचलली जाते, फोड येतात, म्हणून लोक बोटांवरचं बकल करकचून आवळतात. उपयोग शून्य, वर बोटं गारठतात. टाच धरून ठेवतं ते घोट्यासमोरचं बकल. तेच घट्ट करा, बोटांवरचं सैल सोडा. लोकरीचा मोजा पातळ आणि एकच.

जुने बूट मिळत असतील तर भाता हाताने वाकवून चुण्यांच्या तळाशी तडे शोधा, आणि 75 मिमीचा असेल तर चोचीखालची बाइंडिंगच्या पिनांची भोकं झिजलीत का तेही बघा. तडा दिसला तर भाव विचारायच्या आधीच बूट परत ठेवा.