गालातून औषध: एम. फार्म.च्या नव्या पोरांसाठी

प्रोजेक्टला बक्कल पॅच (गालाच्या आत चिकटवायची औषधाची पट्टी) मिळाला की पोरं पहिलं हेच विचारतात, "दादा, एन्हान्सर कोणता टाकू?" एन्हान्सर म्हणजे औषधाला अस्तरातून पार जायला मदत करणारा पदार्थ. थांबा जरा. तुमचं औषध गालाशी का अडतं, ते आधी बघा.

उदाहरण आपल्या पानठेल्यावरच आहे. सुपारी-तंबाखूच्या खर्र्यात चुना घोटला की पीएच चढतो. निकोटीनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू भारित असतात तो) सुमारे 8, त्यामुळे त्याचे बरेचसे रेणू बिनभाराचे होतात आणि पेशींच्या स्निग्ध पडद्यांतून पार जातात. ॲटेनोलॉल या रक्तदाबाच्या औषधाला ही युक्ती चालत नाही. त्याचा पीकेए 9.6, म्हणजे लाळेच्या 6.8 पीएचला जवळपास सगळं भारितच. तेवढा पीएच चढवला तर तोंड भाजेल. शिवाय रेणू मुळात पाण्याच्या ओढीचा. तो जाणार पेशींमधल्या फटींतून, आणि अस्तराच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात त्या फटी लिपिडने बुजलेल्या. सोडियम डिऑक्सिकोलेटसारखे पित्तक्षार ते लिपिड विस्कटतात, म्हणून इथे कामाचे. कायटोसान हा एन्हान्सर सगळ्यांना आवडतो, पण तो आपल्या भाराच्या जोरावर काम करतो; पीएच साडेसहाच्या वर गेला की तो भार बराच उतरतो आणि लाळ बहुधा तिथेच असते.

प्रयोगाला जनावराच्या गालाचं अस्तर लागतं. माणसाच्या गालाला सगळ्यात जवळचा गाल डुकराचा. तालुक्याच्या गावी मात्र बहुतेकांचं बोकडावरच भागतं. त्याच्या गालात आतून काटेरी उंचवटे असतात, ते सोडून गुळगुळीत भाग घ्या. खाटीकभाऊंना आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मुंडी भाजायच्या आधी गाल काढून द्या. आच लागलेलं अस्तर प्रयोगाला बाद. क्रेब्ज बफर (अस्तर ताजं ठेवणारं क्षारांचं द्रावण) भरलेली बाटली बर्फात ठेवून न्या, त्याच दिवशी वापरा. फ्रीजरमध्ये टाकू नका. फ्रान्झ सेलचं (अस्तर मध्ये बसवून औषध किती पार जातं ते मोजायच्या उपकरणाचं) पाणी 37 अंशांवर लागतं, तेव्हा लोडशेडिंगचं वेळापत्रक बघूनच सुरुवात करा.

फ्लक्स (औषध पार जाण्याचा वेग) वाढला म्हणून लगेच नाचू नका. एन्हान्सर धुऊन काढा आणि त्याच तुकड्यावर फिनॉल रेड सोडा; हे रंगद्रव्य धड अस्तरातून सहसा उतरत नाही. ते अजूनही भसाभसा उतरत असेल तर तुम्ही दार उघडलं नाही, भिंत पाडली. हिस्टॉलॉजीच्या (अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या) स्लाइड मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजीत करून मिळतात. व्हायव्हात परीक्षक बोट ठेवतात ते इथेच.

पॅच तोंडात किती वेळ टिकतो हे माणसांवर बघायचं, तर आधी एथिक्स कमिटीची परवानगी. सुपारी-खर्रा खाणारे घेऊ नका, सबम्युकस फायब्रोसिसने (तोंडाचं अस्तर ताठ होण्याच्या आजाराने) त्यांचं अस्तर बदललेलं असू शकतं. आता आपल्या भागात खर्रा न खाणारे शोधायचे, म्हणजे प्रोजेक्टातलं सगळ्यात अवघड काम तेच.