चढणीच्या माशांसाठी जूनच्या आधीच करायची तयारी

पहिल्या पावसात अंडी घालायला नदीतून ओढ्यांत आणि भातखाचरांत चढतात ते चढणीचे मासे. ते मोजायला पाऊस पडल्यावर पुण्यातून निघालात तर उशीर झालेला असतो, म्हणून मे संपायच्या आत कामशेतच्या बाजूला इंद्रायणीवर एक चक्कर मारूनच या. पाणी कमी असतं तेव्हा ओढा नदीला कुठे मिळतो, भातखाचरात पाणी कुठून शिरतं, हे नीट दिसतं आणि मासे चढतात ते त्याच वाटांनी. येताना कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्या काढल्यात का ते नक्की बघा. पावसाआधी त्या काढायच्याच असतात, पण चार फळ्या जरी राहिल्या तरी गाभोळीने भरलेल्या माद्या खाली उड्या मारत अडकतात आणि तिथेच पागर (फेकायचं जाळं) टाकून लोक एका रात्रीत सगळं उचलतात, मला खरंच बघवत नाही ते. फळ्या दिसल्या तर फोटो काढून लगेच ग्रामपंचायतीत सांगा, जूनची वाट बघू नका.

गावातल्या मासे धरणाऱ्या काकांशी आधीच बोलून ठेवा. पहिल्या गढूळ लोंढ्याला शिंगाळा चढतो की खवली, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहिती असतं.

बॅगेत हेडटॉर्च आणि त्यावर लावायला लाल जिलेटिन, थर्मामीटर, पेन्सिल (पेन नको, शाई पसरते), मोबाईलला झिपची पिशवी, गमबूट. पुलाच्या खांबावर ऑइलपेंटने दर १० सेंटीमीटरला खूण करून ठेवा म्हणजे पाणी किती चढलं ते काठावरूनच वाचता येतं. माशांची मोजणी एकाच जागी उभं राहून १० मिनिटं, मग १० मिनिटं थांबायचं, परत १० मिनिटं, आणि दरवेळी पाण्याचं तापमान लिहायचं, कारण पाणी गार आणि गढूळ होऊन ओढ वाढली की मासे निघतात. एकही मासा दिसला नाही तरी शून्य लिहा, वेळेसकट.

महसीर मात्र पहिल्या पावसात शोधू नका, तो पुढे जुलै ते सप्टेंबर वाहत्या पाण्यात गोट्यांवर अंडी घालतो. १८३९ मध्ये साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्गअभ्यासकाने त्याचं वर्णन केलं ते आपल्या मुळा-मुठेतल्या माशावरून, आणि आज त्याच नद्यांवर आणि त्यांच्या उपनद्यांवर वर खडकवासला, पानशेत, मुळशी अशी धरणं आहेत, त्यामुळे त्याच्यासाठी दुसरी फेरी ठेवा.

रात्री पाण्यात कोणीही उतरायचं नाही, एकट्याने तर जायचंच नाही. वरच्या धरणाचा विसर्ग वाढवलाय का ते निघायच्या आधी बघा, आणि परत कामशेतला पोचल्यावर पुन्हा एकदा बघा.