घूस, उंदीर की चिचुंद्री? आधी शेपटी बघा, मग औषधाचं बोला

भात पोटरीला आलं की आपल्याकडे एकच ओरड, घुशींनी शेत खाल्लं, आणि मग मोठी दिसली तर घूस नायतर उंदीर एवढं ठरवून आपण सरसकट औषध घालून मोकळे होतो. असं करू नका प्लीज. माडावरचा वेगळा, बांधातला वेगळा, गडग्याखालचा (दगडी कुंपणाखालचा) वेगळा, उपायही वेगळे.

पिंजऱ्यात सापडला असेल तर लांबूनच शेपटी बघा. शेपटी अंगापेक्षा लांब, कान मोठे, अंग सडपातळ, वजन 100 ते 200 ग्रॅम, म्हणजे घरउंदीर. हा चढण्यात पटाईत, कौलात राहतो तसाच माडाच्या शेंड्यातही राहतो. खाली पडलेल्या कोवळ्या नारळाला देठाजवळ भोक दिसलं की काम ह्याचंच समजा, मग जमिनीतली बिळं शोधून उपयोग नाय. माडाला साधारण 2 मीटर उंचीवर 40 सेंटिमीटर रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळा, त्याची नखं त्यावर टिकत नाहीत, पण शेजारच्या माडाची झावळ टेकलेली असेल तर तो तिथून आरामात येतो, ती आधी तोडा.

मोठी घूस एकदा नीट बघितली की परत चुकत नाही. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत 25 ते 30 सेंटिमीटर, शेपटी जवळपास तेवढीच पण जाड, वजन अर्धा किलो ते किलोभर, मागचा पंजा 5 सेंटिमीटरच्या आसपास. पाठीवर राठ लांब काळे केस, पिंजऱ्याजवळ गेलात की ते ताठ उभे राहतात आणि ती डुकरासारखी गुरगुरते. हिची बिळं गोठा, गडगा, घराचा पाया इथे. खरकटं आणि कोंबड्यांचं खाणं रात्री उघडं ठेवू नका, निम्मं काम तिथेच होतं.

भातात जी खरी नासधूस करते ती बहुतेक वेळा लहान घूस. वजन 200 ते 350 ग्रॅम, तोंड आखूड आणि रुंद, शेपटी अंगापेक्षा कमी. बांधावर बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा उकीर दिसतो, कधीकधी ती आतूनच तोंड मातीने बुजवते, आणि आत लोंब्यांचा साठा असतो. कुठलं बीळ चालू आहे ते कळायला संध्याकाळी सगळी बिळं चिखलाने लिंपा, सकाळी जी उकरलेली दिसतील तिथेच पिंजरा लावा. बांध जाडजूड आणि गवताळ ठेवू नका, बीळ करायला तिला तेच हवं असतं.

आणि टोकदार लांब तोंड, बारीक डोळे, उग्र वास, चिक् चिक् आवाज अशी चिचुंद्री असेल तर सोडून द्या. ती उंदरांच्या जातीतली नाहीच, झुरळं नि किडे खाते.

विषारी औषध मला तरी शेवटचाच उपाय वाटतो, कारण ते खाल्लेला उंदीर घुबड खातं, धामण खाते, आणि ह्या दोघांएवढे उंदीर आपण कधी मारणार नाही.

मेलेल्याला उघड्या हाताने शिवू नका, पिंजरा साबणाने धुवून उन्हात वाळवा. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) उंदीर-घुशींच्या मुतातून पाण्यात येतो आणि पायाला जखम असेल तर तिथून अंगात शिरतो, म्हणून खाचरात उतरताना गमबूट घाला. नंतर ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना शेतात पाण्यात उतरलो होतो हे आधी सांगा.