चापडा कुठला, हे ओळखायचं कसं? रंग सगळ्यात शेवटी बघा

पावसाळ्यात कुणी दाजीपूरला किंवा गगनबावड्याच्या बाजूला फिरून आलं, की रात्री मोबाईलवर एक फोटो येतोच. कातळावर वेटोळं घालून बसलेला साप, वरून टिपलेला, निम्मा हललेला, आणि खाली प्रश्न: "दादा, हा कुठला?" फोटोत पाठीशिवाय काही नसतं. घोणस पाठीवरच्या साखळीवरून ओळखता येते. चापडा या विषारी सापाची पाठ मात्र चांगल्या जाणत्यालाही गंडवते.

आपल्याकडच्या सह्याद्रीत तीन चापडे गाठ पडू शकतात. एक नेहमीचा हिरवा, बांबूच्या बेटातला. दुसरा मलबारी. तिसरा छोटासा, नाकाचा शेंडा वर उचललेला; त्याला इथे सोयीसाठी नाकाड्या म्हणू. जुन्या पुस्तकांत पहिल्या दोघांची प्रजाती ट्रायमेरेसुरस अशी सापडेल, आता ती क्रॅस्पेडोसेफॅलस झाली आहे. साप तेच आहेत, नुसती पाटी बदलली. नाकाड्याची प्रजाती वेगळी, हिप्नेल.

आधी लांब उभे राहा. चापडा चाहूल लागली म्हणून पळत नाही, आहे तिथेच बसून राहतो, आणि म्हणूनच ओढा ओलांडताना आधारासाठी टेकलेला हात त्याच्यावर पडतो. किमान दोन मीटर अंतर ठेवा आणि झूम वापरा. काडीने डिवचून तोंड फिरवून घ्यायचा उद्योग करू नका. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे सापाला त्रास देणं हा गुन्हा आहेच, पण त्याच्याही आधी तो मूर्खपणा आहे.

मग बाजूने, डोकं दिसेल असा फोटो घ्या. सगळी ओळख इथेच आहे. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये, किंचित खाली, एक खोल खळगा दिसला पाहिजे. घाईत बघणाऱ्याला ती दुसरी नाकपुडीच वाटते. या खळग्याने सापाला उष्णता कळते. काळोखात उंदीर कुठे बसलाय हे त्याला त्यावरून समजतं. घोणस आणि फुरशाला तो नसतो. अजगराला खळगे असतात, पण ओठांच्या कडेने ओळीत.

डोळ्यातल्या बाहुलीवर एकटीवर विसंबू नका. दिवसा चापड्याची बाहुली मांजरासारखी उभी चीर दिसते, पण मांजऱ्या सापाचीही तशीच असते, आणि तो झाडावरच असतो. शिवाय रात्री अंधारात ही चीर फुगून जवळजवळ गोल होते, त्यामुळे बॅटरी मारल्या मारल्या काढलेल्या फोटोवर भांडण ठरलेलं. हरणटोळ हिरवा असला तरी पेन्सिलीसारखा बारीक, टोकदार तोंडाचा आणि बाहुली आडवी. गवत्या सापाची बाहुली गोल. मानेपेक्षा ठळक रुंद, तिकोनी डोकं आणि खळगा दोन्ही दिसले, तरच चापडा म्हणा.

आता कुठला? इथे मी आधी गाव विचारतो. नाकाड्याची उत्तरेकडची हद्द साधारण 16 अंश अक्षांशावर संपते. कोल्हापूर शहर 16.7 वर आहे. म्हणजे चंदगड, तिलारी, आंबोली या पट्ट्यात तो संभवतो. पन्हाळ्याच्या तटाखाली नाकाड्या दिसला असं कुणी सांगितलं, तर मी ते फुरसं धरून चालतो. खात्री करायची तर डोक्याचा माथा बघा. नाकाड्याच्या माथ्यावर मागच्या बाजूला मोठ्या ढालींसारखे खवले असतात, फुरशाच्या माथ्यावर बारीक खरखरीत खवले आणि बहुतेकदा बाणासारखी खूण. फुरसं चिडलं की अंगाला अंग घासून करवतीसारखा आवाज काढतं. नाकाड्या जमिनीवरच्या पालापाचोळ्यात तपकिरी होऊन पडलेला असतो, पाठीवर दोन्ही बाजूंनी गडद ठिपके, लांबी हातभराच्या आतबाहेर.

खरी गल्लत उरलेल्या दोघांत. "हिरवा म्हणजे बांबूतला, रंगीत म्हणजे मलबारी" हा नियम मीही काही वर्षं छातीठोकपणे सांगत होतो. मग राधानगरीच्या बाजूला जुलैच्या पावसात, शेवाळलेल्या खडकावर एक हिरवागार चापडा बघितला. मी लगेच निकाल दिला. सोबतच्या मुलाने शांतपणे फोटो मोठा करून दाखवला: पाठभर रुंद गडद पट्टे, एकमेकांत अडकून नागमोडी गेलेले, आणि डोळ्यामागून मानेपर्यंत काळसर पट्टा. मलबारी होता. मलबारी हिरवा, पिवळा, तपकिरी, केशरी, राखाडी, कसाही असू शकतो. तेव्हा रंग बाजूला ठेवा आणि नक्षी बघा. बांबूतल्याची पाठ बहुतेक एकसारखी हिरवी, खुणा असल्याच तर पुसट, आणि पोटाच्या कडेने सगळ्यात खालच्या खवल्यांवरून फिकट रेघ जाते. माथ्यावर दोघांचेही खवले बारीकच, तिथे वेळ घालवू नका.

जागेचा आधार घ्या, पण बेताने. मलबारी पावसाळ्यात ओढ्याच्या खडकांवर आणि लगतच्या खुज्या झुडपांवर हमखास. बांबूतला बेटांत आणि फांद्यांवर. तरी दोघंही एकाच ओढ्यावर भेटू शकतात. फोटोत नक्षी नीट दिसत नसेल तर वहीत "चापडा, जात नक्की नाही" एवढंच लिहा. चुकीच्या नावापेक्षा ही नोंद कामाची.

हे सगळं नावासाठी एवढं का, असं वाटेल. आपल्याकडची सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनते. चापड्याच्या विषावर ती बनवलेली नाही. केरळात नाकाड्याचा दंश फुरशाचा समजून ही लस दिली गेल्याच्या नोंदी आहेत. रक्त न गोठणं आणि किडनीला इजा असे गंभीर प्रकार या छोट्या सापाने घडलेले आहेत. म्हणून दंश झाला तर साप मारून पिशवीत घेऊन जाऊ नका. लांबून फोटो निघाला तर ठीक, नाही तर त्यासाठी थांबू नका. अंगठी, घड्याळ काढा, हात किंवा पाय हलू देऊ नका, दोरी आवळू नका, चिरा मारू नका, रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा. घरात साप शिरला असेल तर वनखात्याचा 1926. दवाखान्यात कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन 20 मिनिटं ठेवतात आणि गोठतं का बघतात. पहिल्यांदा गोठलं म्हणून घरी जायची घाई करू नका; ही तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि किडनीचा त्रास उशिरा दिसतो.